४२९४९६७२९७

दहा अंकी विषम संख्या. अक्षरी चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २च्या ३२व्या घातात १ मिळवला की ती मिळते. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या फेर्मा संख्यांच्या मालिकेत तिचे स्थान सहावे. पण मोजणी शून्यापासून होत असल्याने तिला पाचवी फेर्मा संख्या म्हणतात.

मालिकेतल्या पहिल्या पाचही संख्या मूळ आहेत. त्यावरून पुढच्या सगळ्या तशाच असणार, असे फ्रेंच गणितज्ञ पिएर द फेर्मा याने १६४०च्या सुमारास पत्रांतून लिहिले. सिद्धता जमत नसल्याचेही सांगितले. गणितज्ञ गोल्डबाखने १७२९मध्ये हे अनुमान लेओनार्ड ऑयलरच्या कानावर घातले. १७३२मध्ये ऑयलरने ६४१ × ६७००४१७ हे अवयव दाखवले आणि अनुमान निकालात निघाले. या संख्येच्या प्रत्येक मूळ भाजकाला ६४ने भागल्यास बाकी १ उरते, हे त्याने पुढे सिद्ध केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकारात काम होते. फेर्मासारख्या कसलेल्या माणसाच्या हातून एवढा लहान भाजक निसटावा, याचे नवल वाटते.

प्रत्यक्ष भागाकाराचीही गरज नाही. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि तेच ६२५ + १६ही. ६४१ने भागताना ५ × १२८ची बाकी −१ धरता येते. तिचा चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २चा २८वा घात याची बाकी १ येते. आता ६२५च्या जागी −१६ घाला: २च्या ३२व्या घाताची बाकी −१ ठरते, आणि त्यात १ मिळवल्यावर शून्य. सबंध अंकगणितात इतक्या थोड्या ओळींत एवढे काम करणाऱ्या सिद्धता फार नाहीत.

मूळ संख्या ओळखण्याची फेर्माचीच एक कसोटी आहे. पाया २ घेतल्यास ही संख्या तिला उतरते, म्हणून ती छद्ममूळ संख्यांत मोडते. पाया ३ घेतला की सोंग उघडे पडते. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती दोन प्रकारे मांडता येते: ६५५३६ व १ यांचे वर्ग, किंवा ६२२६४ व २०४४९ यांचे. मूळ संख्येची अशी मांडणी एकाहून अधिक प्रकारे होऊच शकत नाही, तेव्हा ती संयुक्त असल्याचा हा आणखी एक पुरावा. स्वतःखेरीज बाकीच्या भाजकांची बेरीज अवघी ६७०१०५९.

इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी-कंपासने काढता येत नाही. मात्र दोनने लहान ४२९४९६७२९५ बाजूंचा तत्त्वतः काढता येतो, कारण ती संख्या पहिल्या पाच फेर्मा संख्यांचा गुणाकार आहे. त्या पाचांपलीकडे एकही मूळ फेर्मा संख्या अद्याप सापडलेली नाही.