कारणाचा रकाना

शाळेच्या जनरल रजिस्टरात अगदी उजवीकडे ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. तो अरुंद असतो. दोन-तीन शब्दांत एका पोराची वाट लावून मास्तरांना पुढच्या ओळीकडे वळता यावे, एवढीच त्यात जागा.

२००४ साली मी नवाच मास्तर होतो. तिसरीच्या वर्गात एक मुलगा तिसऱ्यांदा बसला होता. बाराखडी काही त्याच्या डोक्यात उतरत नव्हती. पण वर्गात कोण आले नाही, हे मी हजेरी घेण्याआधीच तो सांगे. एके दिवशी त्याच्या आईला बोलावून समजावले, “बाई, ह्याला शाळेत काही साधायचे नाही.” अर्ज मीच लिहिला, तिने सही केली आणि त्या रकान्यात मी लिहिले : ‘पालकांच्या अर्जावरून’.

पुढे एका कादंबरीसाठी तुरुंगांविषयी वाचत असता गुन्नार डिबवॅड हे नाव समोर आले. जन्म १९०९, जर्मनीतील लाइपझिगचा. हाले विद्यापीठातून त्याने १९३४ साली कायद्याची डॉक्टरेट घेतली. ओढा गुन्हेगार आणि तुरुंग यांच्या अभ्यासाकडे. त्याच सुमारास नाझी सरकारने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांचे सक्तीने निर्बीजीकरण करणारा कायदा अमलात आणला होता. पुढे १९३९ ते १९४१ या काळात सुमारे ७०,००० मनोरुग्ण व मतिमंद माणसे सरकारी योजनेनुसार ठार मारली गेली. डिबवॅड तोवर अमेरिकेत पोहोचला होता. तिथे त्याने न्यूयॉर्कमध्ये समाजकार्याचे शिक्षण घेतले, आणि कायदेपंडित समाजकार्यकर्ता झाला.

अमेरिकेत तरी काय होते? अशी मुले गावाबाहेरच्या प्रचंड संस्थांत ठेवली जात. हजार-हजार माणसे एका आवारात. पेनसिल्व्हानियातली पेनहर्स्ट ही त्यांपैकी कुप्रसिद्ध. मूल तिथे ठेवा आणि विसरून जा, असा सल्ला डॉक्टरच देत. तो न मानणाऱ्या आईबापांनी १९५० साली आपली राष्ट्रीय संघटना उभारली. १९५७ ते १९६३ डिबवॅड तिचा कार्यकारी संचालक होता. (आपल्या मुंबईतही १९४४ साली जय वकील व त्यांच्या पतीने आपल्या लेकीसाठीच शाळा काढली होती. या कामाचा आरंभ जागोजागी घरातूनच झालेला दिसतो.) त्याची पत्नी रोझमेरी स्वतः समाजशास्त्राची डॉक्टर. देशोदेशींच्या पालकसंघटनांशी तिने चालवलेला पत्रव्यवहार हे त्या दोघांच्या संसाराचे अर्धे वैभव म्हणावे लागेल. नवऱ्याच्या चरित्रात बायकोला एक ओळ देऊन मोकळे होण्याची आपली खोड इथे चालायची नाही.

१९६७ पासून तो ब्रँडाइस विद्यापीठात समाजकल्याणाच्या विद्यालयात प्राध्यापक होता. पण त्याचा खरा घाव बसला तो विद्यापीठाबाहेर. पेनसिल्व्हानियाच्या पालकसंघटनेला पेनहर्स्टचे हाल दिसत होते. अर्ज-विनंत्या करून ती थकली होती. डिबवॅड मूळचा कायद्याचा माणूस. दयेचे दार ठोठावणे पुरे, न्यायालयात जा, असे त्याने त्यांच्या मनावर बिंबवले. त्या राज्याच्या कायद्यात एक कलम होते : ज्या मुलाचे मानसिक वय पाच वर्षांचे झाले नाही, त्याला शाळेने घेतले नाही तरी चाले. ‘शिकवता न येण्याजोगा’ असा शिक्का मारला, की राज्याची जबाबदारी संपली.

म्हणजे माझाच रकाना की!

१९७१ साली दावा दाखल झाला. पालकांच्या बाजूचे म्हणणे साधे होते : न शिकणारे मूल नसतेच, कोणी अक्षर शिकेल, कोणी आपल्या हाताने जेवायला शिकेल, आणि तेही शिक्षणच. त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारने तडजोड मान्य केली. प्रत्येक मतिमंद मुलाला मोफत शिक्षण द्यावे, आणि पालकांना सूचना व सुनावणी दिल्यावाचून त्याची वर्गवारी बदलू नये, असे ठरले. १९७५ साली साऱ्या अमेरिकेसाठी तसा कायदा झाला. पेनहर्स्टला १९८७ मध्ये कुलूप लागले. आपल्याकडे शिक्षणहक्काचा कायदा यायला २००९ साल उजाडले.

म्हातारपणी डिबवॅडचे लक्ष आणखी पुढे गेले होते. आईबापांनी बोलायचे, प्राध्यापकांनी बोलायचे. मग ती माणसे स्वतः केव्हा बोलणार? १९९६ साली त्याने एका सहकाऱ्याबरोबर संपादित केलेले पुस्तक अशा माणसांनी स्वतःची बाजू मांडण्याच्या चळवळीवरच आहे. २००१ च्या सप्टेंबरात तो वारला.

गेल्या उन्हाळ्यात दाखल्यांच्या कामासाठी जुने रजिस्टर काढावे लागले. पान पिवळे पडले आहे, माझे अक्षर मात्र स्वच्छ. ‘पालकांच्या अर्जावरून’. शाई निळी. तो अर्जही दोऱ्याने ओवलेल्या गठ्ठ्यात सापडला : मजकूर सारा माझ्या हातचा, आणि खाली, ओळीबाहेर जाणारी, थरथरती सही तेवढी तिची.