पाना इंग्रजी, आटे फ्रेंच

मोटारीचे तेल बदलताना इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा प्लग उघडतात, काळे पडलेले तेल वाहून जाऊ देतात आणि प्लग पुन्हा आवळतात. वर्षानुवर्षे हे केल्यावर कधीतरी प्लगचे आटे झिजतात आणि नवा प्लग आणावा लागतो. कोणत्या मापाचा? बरेच जण जुन्या प्लगच्या डोक्याला बसणाऱ्या पान्याचा आकडा सांगून मोकळे होतात. एमजी टीसी या जुन्या इंग्रजी स्पोर्ट्‌स कारसमोर असे विसंबून राहणे महागात पडू शकते. का, ते पाहण्यासाठी आपल्याला पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जावे लागेल.

मशीनगन बनवणाऱ्या हॉचकिस या फ्रेंच कंपनीने त्या युद्धात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथे कारखाना उभारला. यंत्रे अर्थातच मेट्रिक मापाची होती. युद्ध संपल्यावर मशीनगनची मागणी ओसरली आणि कारखाना विल्यम मॉरिस यांच्या मोटारींसाठी इंजिने बनवू लागला. १९२३ साली मॉरिस यांनी तो विकतच घेतला.

इथे एक पेच होता. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेली इंची मापे इंग्लंडमध्ये पक्की रुजली होती. गॅरेजमधले पाने त्याच मापांचे. कारखान्यातली सगळी यंत्रे बदलणे परवडणारे नव्हते आणि देशभरच्या मिस्त्रींचे पाने बदलणे तर अशक्यच! मग तोडगा निघाला: बोल्टचे आटे मेट्रिक, डोके मात्र व्हिटवर्थ मापाचे. आम्हाला हा तोडगा त्या वेळेपुरता शहाणपणाचा वाटतो. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

हीच परंपरा टीसीच्या १२५० सीसी इंजिनात आली. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० टीसी बनल्या आणि त्यांतल्या बऱ्याच अमेरिकेत गेल्या. तिथल्या मिस्त्रीकडे अमेरिकन मापाचे पाने, ते डोक्याला बसेनात. व्हिटवर्थ पाना मिळवावा, तर तो छान बसे आणि आटेही व्हिटवर्थच असणार, अशी खोटी खात्री देई. (त्यात व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा जबड्याची रुंदी सांगत नाही, बोल्टचा व्यास सांगतो.)

फसगत किती सूक्ष्म असते, हे एका लहान बोल्टवर पाहू. या इंजिनात ८ मिमी व्यासाचे आणि १ मिमी पिचचे बोल्ट आहेत. पिच म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधले अंतर. अमेरिकन बारीक आट्यांचा ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिमी व्यासाचा असतो आणि त्याला इंचाला २४ आटे, म्हणजे पिच १.०६ मिमी. डोळ्यांना फरक दिसत नाही. पहिले काही वेढे हातानेही फिरतील. पण चुकीची भर पडत जाते. १० वेढ्यांत ती सुमारे ०.५८ मिमी होते, म्हणजे अर्ध्या आट्याहून जास्त. आता जोर लावला, तर पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममधले मऊ आटे कापत जातो. ऑइल चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर प्लगच्या भोकाचेही हेच होते. प्लग बसल्यासारखा वाटतो. मग रस्त्यात सैल होऊन तेल सांडते आणि कोरडे पडलेले इंजिन जाम होते.

म्हणून प्लग निवडताना डोके विसरावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात: आट्यांवरचा बाहेरचा व्यास, पिच आणि आट्यांची लांबी. व्यासाला व्हर्निअर कॅलिपर लागेल. पिचसाठी वर्गातच प्रयोग करता येईल. बोल्ट आडवा धरून त्याची कड कागदावर दाबा. उठलेल्या रेघांपैकी पहिली शून्य धरा, अकराव्या रेघेपर्यंतचे अंतर मोजा आणि दहाने भागा. एकाच रेघेचे अंतर मोजले तर पट्टीवर १ आणि १.०६ मिमी सारखेच दिसतील. दहा एकत्र मोजले की एकीकडे १० मिमी भरतील, दुसरीकडे साडेदहाच्या वर.