आडात होतं, पण पोहऱ्यात नव्हतं

आफ्रिकेतल्या एखाद्या खेड्यात नवा हापसा बसतो. चारदोन वेळा दांडा मारला की धार पडते, आणि बायापोरं नाचायला लागतात. असे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आले असतील. खाली कॉमेंटमध्ये आपलीच माणसं लिहितात, "बिचारे, अजून किती मागे आहेत." मला दर वेळी सांगावंसं वाटतं की बाबांनो, तो हापसा नीट बघा. त्यातले बरेचसे हापसे ज्या नमुन्याचे असतात, त्याचं मूळ आपल्या दुष्काळी महाराष्ट्रात आहे. आणि पाण्याच्या बाबतीत आपल्या सातारा-सांगलीचा इतिहास वाचला तर कुणाला बिचारे म्हणायची हिंमत होणार नाही. पोस्ट लांब आहे, पण सवडीनं वाचा.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या दोन जिल्ह्यांत मात्र शंभर-सव्वाशे वर्षांत या म्हणीनं तीन रूपं घेतली.

आधी जमीन समजून घेऊ. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथनं पूर्वेला माण, खटाव, पुढे सांगलीतल्या आटपाडी, जतकडे आलं की तोच पाऊस पाचशेच्या आसपास. खाली सगळा काळा पाषाण. या दगडात नदीकाठच्या वाळूसारखं पाणी मुरत नाही. वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत जेवढं साठेल तेवढंच. म्हणून इथं विहीर लागणं हे नशीब, आणि लागलेली विहीर टिकवणं ही अक्कल.

साताऱ्याजवळ लिंबची बारामोटेची विहीर आपण सगळ्यांनी पाहिलीय, फोटोही काढलेत. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. एका वेळी बारा मोटा चालतील एवढी ऐसपैस. बांधकाम बघून छाती फुगते, फुगायलाच पाहिजे. पण अशा देखण्या विहिरींचे फोटो टाकताना एक प्रश्न आपण विचारत नाही. गावोगावच्या विहिरींवर पाणी कोण भरू शकत होतं?

त्याचं उत्तर १९०१ सालच्या एका प्रवासात आहे. साताऱ्यात राहणारा नऊ-दहा वर्षांचा मुलगा आपल्या भावंड-भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाला. वडील खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर खजिनदार होते. दुष्काळानं पिचलेल्या माणसांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारनं तो तलाव खोदायला काढला होता. पोरं नवे कपडे घालून रेल्वेनं मसूर स्टेशनला उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. जात कळल्यावर स्टेशन मास्तरचा चेहरा बदलला, आणि एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही अशा अटीवर की बैलगाडी पोरांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. शिदोरी बरोबर होती, पण प्यायला पाणी नव्हतं. वाटेत मिळालं ते बैलांच्या शेणामुताचा वास येणारं गढूळ. मध्यरात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, तर तिथंही मिळालं नाही. अन्न जवळ असून पाण्यावाचून पोरं उपाशी झोपली.

तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवलीय. ती आपल्याच कराड-खटावच्या रस्त्यावरची आहे, दुसऱ्या कुठल्या मुलखातली नाही.

म्हणीचं पहिलं रूप ते हे. आडात पाणी होतं, पोहऱ्यात येऊ दिलं नाही.

याच खटाव तालुक्यातलं कटगुण हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं मूळ गाव. जोतीरावांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. पुढे १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला, की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत. कागदावर ठराव आणि विहिरीवर बंदी, असं चाललं. म्हणून १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. आणि स्वतंत्र भारताची घटना झाली तेव्हा पंधराव्या कलमात भेदभावाची बंदी सांगताना विहिरी आणि तलाव हे शब्द थेट लिहिले गेले. देशाच्या घटनेत विहिरीचा उल्लेख कशाला, असं कुणाला वाटलं तर त्याला मसूर स्टेशनची गोष्ट सांगा. ती घटना करणाऱ्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या रात्री तहानलेला झोपला होता.

आता दुसरं रूप. पाणी आहे आणि भरायला बंदीही नाही, पण ते पिण्यालायक नाही किंवा वर येत नाही.

जुन्या पायऱ्यांच्या विहिरी, बारवा दिसायला सुंदर, पण माणूस पाय बुडवून पाणी भरायचा. त्यातनं नारू व्हायचा. पायातनं हातभर जंत बाहेर यायचा, आणि ऐन पेरणीत माणूस महिनाभर अंथरुणाला खिळायचा. जुन्या माणसांना विचारा, त्यांना नारूचा नुसता शब्द काढला तरी शहारे येतात. पायऱ्या बंद करणं, रहाट बसवणं, पाणी गाळून पिणं, बोअर मारणं, या साध्या उपायांनी तो गेला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त जाहीर केला. हा रोग आता आफ्रिकेतल्या मोजक्या देशांत तेवढा उरलाय.

१९७२ च्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या. खडी फोडायला गेलेल्या आयाआज्ज्या, सुकडी, मिलो ज्वारी, हे आपल्या घरोघरी सांगितलं जातं. तेव्हा काळ्या पाषाणात हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रानं बोअर मारायचं तंत्र पसरत होतं. बोअर झाली, पण तिच्यावरचा पंप टिकेना. त्या काळचे बिडाचे हातपंप परदेशातल्या एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेल्या पंपांच्या नकला होत्या. आपल्याकडे त्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. आठवड्यात दांडा निखळायचा, आणि लाखमोलाची बोअर नुसतं भोक होऊन पडायची.

यावर उपाय शोधला तो जालना आणि सोलापूर भागात पाण्याचं काम करणाऱ्या मिशनच्या आणि वर्कशॉपच्या माणसांनी. बिडाऐवजी पोलादी सांगाडा, एकाच जागी फिरणारा दांडा, वरखाली करणारी साखळी. सोलापूर पंपाचा हाच नमुना युनिसेफनं उचलला, त्यावर सुधारणा केल्या, कोइमतूरला चाचण्या झाल्या, आणि १९७७-७८ च्या सुमारास 'इंडिया मार्क टू' तयार झाला. पन्नास मीटरपर्यंतचं पाणी बाई एकटी वर काढू शकते असा. त्याचं पेटंट घेतलं नाही. कुणीही बनवावा, कुणीही वापरावा. म्हणूनच तो आफ्रिकेत गेला. युगांडात त्याच घराण्यातले पंप 'यू टू', 'यू थ्री' या नावांनी चालतात.

पण या गोष्टीतली खरी शिकवण यंत्राच्या पुढची आहे. पंप कितीही चांगला असो, वायसर झिजला की बदलावा लागतो. ते कोण करणार, पैसे कोण देणार हे ठरलं नाही तर हापसा बंदच. आफ्रिकेतही हेच झालं. उद्घाटनाचे फोटो निघाले, आणि दोनचार वर्षांत कित्येक पंप गंजून उभे राहिले. आपल्या गावातल्या शाळेजवळचा हापसा आठवा, म्हणजे दुसरीकडे बघायला नको.

तिसरं रूप आपण आत्ता जगतोय. जलजीवन मिशन २०१९ साली आलं. घरोघरी नळ, माणशी रोज ५५ लिटर. चांगलीच गोष्ट आहे, बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला. पण नळ हा पोहरा आहे, आड नव्हे. टाकी नवी, पाइप नवा, आणि खालची विहीर तीच. तिच्या आजूबाजूला द्राक्ष, डाळिंब, उसाला बोअरवर बोअर. जो जास्त खोल जाईल त्याचं पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, आपल्याला अभिमान वाटला. त्याच उन्हाळ्यात आपल्याच जिल्ह्यातल्या जतला टँकर चालू होते. टेंभू, म्हैसाळ, ताकारीनं कृष्णेचं पाणी वर चढवलं, त्यामागं शेतकऱ्यांचा अनेक वर्षांचा लढा आहे. पण ते पाणी आलं म्हणून गावची विहीर सोडून द्यायची नसते. आवर्तन लांबलं, वीजबिल थकलं की परत तिच्याकडेच तोंड करावं लागतं.

आमच्या गावातला जुना आड आता प्लास्टिकनं भरलाय. नळ आला, आता आड कशाला, असं म्हणून लोकांनीच तो भरला. तुमच्या गावात वेगळं असेल तर मला आनंदच आहे.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत दुसऱ्या कामासाठी परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घ्यायची नाही, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ सालीच झाला. पुढे भूजलाचा आणखी मोठा कायदा झाला. किती गावांत हे अंतर कुणी टेपनं मोजलं? शेजारच्याशी वाकडं कोण घेणार, म्हणून सगळे गप्प. माझ्या मते आजच्या पाण्याच्या प्रश्नाचं मूळ या गप्प बसण्यात आहे. १९०१ साली काही जणांना विहिरीपासून लांब ठेवलं होतं. आता ज्याच्याकडं पानबुडी मोटर आणि खोल बोअरचा पैसा नाही, तो आपोआप लांब राहतो. त्याला कुणी हाकलत नाही, तरी त्याचा हंडा रिकामाच असतो.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत हात वर करून तीन गोष्टी विचारा. आपल्या नळाचं पाणी नक्की कुठल्या विहिरीतनं येतं? तिच्या ५०० मीटरच्या आत किती बोअर आहेत? आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणा विहिरींची पातळी मोजते, त्यात आपल्या भागाचा आकडा काय आहे? उत्तर मिळालं नाही तर इतिवृत्तात प्रश्न लिहून घ्या. मी आमच्या गावात विचारणार आहे. तुमच्या गावच्या जुन्या आडाचं काय झालं, ते खाली लिहा. फोटो असेल तर तोही टाका, भरलेला असो नाहीतर कोरडा.