स्ट्रिंगविड्थचे कूळ

खिडकी ओढून मोठी केली की आतला मजकूरही त्याच प्रमाणात मोठा व्हावा, ही मागणी अगदी साधी. पण जानेवारी १९९६ मध्ये आलेल्या जावा १.० या प्रोग्रामिंग भाषेत तिच्यासाठी एकही तयार सोय नव्हती. नाव, शैली आणि आकार सांगून फॉन्ट घडवायचा, आणि आकार पूर्णांकातच: बारा चालेल, तेरा चालेल, साडेबारा चालणार नाही. घडवलेल्या फॉन्टचा आकार बदलता येत नसे; दुसरा आकार हवा तर दुसरा फॉन्ट. म्हणून प्रोग्रामर मोठ्या आकारापासून सुरुवात करी, फॉन्टची मापे सांगणाऱ्या ‘फॉन्टमेट्रिक्स’ला ओळीची रुंदी विचारी आणि ओळ खिडकीत मावेपर्यंत एकेक पायरी उतरत जाई. उंचीसाठी असेंट (अक्षरांच्या बैठकरेषेवरची उंची) आणि डिसेंट (तिच्याखालची खोली) यांची बेरीज. कुणी खिडकी पुन्हा ओढली की सगळे पहिल्यापासून.

या खटाटोपात रुंदी सांगणारी मेथड म्हणजे ‘स्ट्रिंगविड्थ’. तिचे मूळ धुंडाळताना जे हाती लागते ते चकित करणारे आहे. जावाचा जनक जेम्स गॉस्लिंग याने जावाच्या जवळजवळ दहा वर्षे आधी, सन मायक्रोसिस्टिम्समध्येच, डेव्हिड रोझेन्थलसोबत एक खिडकी-प्रणाली बांधली होती. तिचे नाव ‘न्यूज’: नेटवर्क एक्स्टेन्सिबल विंडो सिस्टिम. पडद्यावर काय काढायचे ते तिला पोस्टस्क्रिप्ट या भाषेत सांगावे लागे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांच्या अडोबीने छपाईसाठी आणलेलीच ही भाषा. आणि पोस्टस्क्रिप्टमध्ये एक आज्ञा आहे, तिचे नावही स्ट्रिंगविड्थ!

पोस्टस्क्रिप्टमध्ये मूळ फॉन्ट एक एकक मापाचा असतो; हवा तो आकार गुणाकाराने मिळतो. ओळ ठरावीक जागेत बसवायची असेल तर स्ट्रिंगविड्थने तिची रुंदी मोजायची, उपलब्ध रुंदीला तिने भागायचे आणि येईल त्या गुणोत्तराने निर्देशांकांची पद्धतच ताणायची. एकदा मोजले, एकदा भागले, काम झाले. ज्या माणसाने हे पोस्टस्क्रिप्ट पडद्यावर आणले, त्याच्याच पुढच्या भाषेत प्रोग्रामर एकेक पायरी उतरत बसले होते. मोजण्याची आज्ञा जावात आली, ताणण्याची मागे राहिली.

पण नाव खरेच तिथूनच आले का? इतर दावेदारही तपासले पाहिजेत. जावा १.० मधली चित्र काढण्याची क्रियापदे पाहिली तर बहुतेक युनिक्सवरच्या एक्स विंडो प्रणालीची वाटतात: ड्रॉस्ट्रिंग, फिलआर्क, कॉपीएरिया या सगळ्यांचे जुळे तिथे सापडते. मात्र रुंदी मोजण्याच्या फंक्शनचे नाव तिथे ‘टेक्स्टविड्थ’ आहे, म्हणजे एक्स बाद. विंडोजमध्ये त्या जागी ‘गेटटेक्स्टएक्स्टेंट’ आहे. शिवाय तिथे मुळात मजकुराचा वरचा डावा कोपरा दिला जातो, तर जावाला अक्षरांची बैठकरेषा द्यावी लागते. विंडोजही बाद.

खरा प्रतिस्पर्धी म्हणजे १९८४ च्या मॅकिंटॉशमधले क्विकड्रॉ, आणि तो दमदार आहे. त्यातही स्ट्रिंगविड्थ आहे. सोबत कॅरविड्थ आहे. ती जावातही आहे, पोस्टस्क्रिप्टमध्ये मात्र नाही. क्विकड्रॉ फॉन्टबद्दल चार गोष्टी सांगते: असेंट, डिसेंट, सर्वांत रुंद अक्षराची रुंदी आणि लेडिंग, म्हणजे दोन ओळींमधली मोकळी जागा. जावाच्या फॉन्टमेट्रिक्समध्ये हे चारही आकडे मिळतात, फक्त रुंदीचे नाव ‘मॅक्सअ‍ॅडव्हान्स’ झाले आहे. शिवाय पोस्टस्क्रिप्टची स्ट्रिंगविड्थ आडवे आणि उभे असे दोन आकडे देते, जावाची एकच पूर्णांक देते. पुराव्याचे पारडे मॅककडे झुकते, हे मान्य करायलाच हवे.

तरीही माझा कौल मिश्र वंशाला आहे. फॉन्टमेट्रिक्सची चौकट मॅककडून आली असेल. पण सनच्या ज्या घरात वर्षानुवर्षे स्ट्रिंगविड्थ हा रोजच्या वापरातला शब्द होता, तिथे तो निवडताना कुणाला दुसरे नाव सुचले असेल असे मला वाटत नाही.

ताणण्याची सोय का आली नाही, हे समजणे त्या मानाने सोपे आहे. जावा १.० ची खिडकी-व्यवस्था, एडब्ल्यूटी, प्रत्येक संगणकाच्या मूळ खिडक्या आणि मूळ फॉन्ट वापरत असे. विंडोज, मॅक आणि युनिक्स या तिघांनाही जमेल तेवढेच तिला देता येत होते. पूर्णांक आकार सगळ्यांना जमत होता.

या पूर्णांकांचा एक त्रास अजून सांगायचा राहिला. पायऱ्या उतरण्याऐवजी त्रैराशिक मांडावे, हे अनेकांना सुचले: अमुक आकाराला इतकी रुंदी, तर खिडकीच्या रुंदीला आकार किती? उत्तर जवळपासचे येते, पण नेमके येत नाही, कारण प्रत्येक अक्षराची रुंदी पूर्ण पिक्सेलला आणली जाते. समजा एका अक्षराची खरी रुंदी आकार १० ला ५.४ पिक्सेल आहे. ती ५ धरली जाईल. आकार २० ला १०.८ ची ११ होईल. अशी दहा अक्षरे असतील तर ५० ची दुप्पट १०० यायला हवी, येतात ११०. ओळ खिडकीबाहेर गेली! म्हणून जाणती मंडळी त्रैराशिकाने जवळ पोहोचून शेवटच्या एक-दोन पायऱ्या मोजून उतरत.

राहिलेला वारसा डिसेंबर १९९८ मध्ये, जावा १.२ सोबत आला. त्यातले जावा टूडी सनने अडोबीच्या सहकार्याने तयार केले. आता आकार अपूर्णांकात देता येऊ लागला, ‘डिराइव्हफॉन्ट’ने आहे त्या फॉन्टपासून नवा काढता येऊ लागला आणि ‘अफाइनट्रान्सफॉर्म’ने सगळी निर्देशांक-पद्धत ताणता येऊ लागली. या अफाइनट्रान्सफॉर्मला सहा आकडे द्यावे लागतात. जावाच्या दस्तऐवजात मॅट्रिक्स जशी छापली आहे ती आडव्या ओळीने वाचत आकडे भरले तर चित्र वाकडे येते, कारण ते उभ्या स्तंभांनी भरायचे असतात. हाच क्रम पोस्टस्क्रिप्टच्या मॅट्रिक्सचा आहे. तिथे बिंदू आडव्या ओळीत मांडतात, त्यामुळे तो सरळ वाचता येतो. जावाने बिंदू उभा केला, आकड्यांचा क्रम तसाच ठेवला. विंडोज एनटीमध्येही हाच क्रम सापडतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देता येणार नाही. पण अडोबी प्रत्यक्ष कामात होती, हे लक्षात घेतले की मला शंका उरत नाही.

याच आवृत्तीत अख्ख्या ओळीची मांडणी करणारा ‘टेक्स्टलेआउट’ नावाचा एक वेगळ्या कुळातला पाहुणाही आला. त्याच्या सोर्समध्ये टॅलिजंटचा हक्क नोंदलेला आहे, आणि टॅलिजंट ही ॲपल आणि आयबीएमने १९९२ मध्ये मिळून काढलेली कंपनी. म्हणजे मॅकचे घराणे मागच्या दाराने परत आलेच. आपल्या लिपीला खरा उपयोग या पाहुण्याचा झाला. ‘क्षेत्र’ किंवा ‘स्त्री’ लिहिताना सुट्या अक्षरांच्या रुंदीची बेरीज घेतली तर काहीच जुळत नाही. जोडाक्षर घडल्यानंतरच त्याची रुंदी ठरते. २००२ च्या जावा १.४ मध्ये हिंदीसाठी देवनागरीचा आधार आला. त्यानंतर मराठी ओळ खिडकीत बसवायची तर टेक्स्टलेआउटकडून तिची रुंदी घ्यायची आणि तिने खिडकीच्या रुंदीला भागायचे, म्हणजे पोस्टस्क्रिप्टचाच हिशेब करायचा.