लेखकाचा संकल्प आणि त्याचें मोजमाप

लेखक व्हावें अशी इच्छा पुष्कळ सुशिक्षित घरांत कोणाच्या ना कोणाच्या मनांत असते. टेबलाच्या खणांत एखादी अर्धवट कादंबरी पडलेली असते. गुढीपाडव्यास कोणी रोज चार पानें लिहिण्याचा संकल्प सोडतो आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत तो विसरूनही जातो. अशा वेळीं दोष बहुधा प्रतिभेस दिला जातो. आपल्या अंगीं ती नाहीं, असें म्हणून माणूस स्वस्थ बसतो. पूर्वींच्या लेखकांनीं स्वतःच्या शिक्षणाविषयीं जें लिहून ठेविलें आहे तें पाहिलें, तर मात्र प्रतिभेच्या आधीं दुसऱ्याच एका गोष्टीचा विचार करावा लागतो. त्यांनीं संकल्प कोणता केला, आणि तो पुरा होत आहे कीं नाहीं हें कशावरून ओळखलें, ही ती गोष्ट होय.

'मी मोठा लेखक होईन' ही इच्छा झाली. आज काय करावयाचें, आणि तें झालें कीं नाहीं हें संध्याकाळीं कसें ठरवावयाचें, या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्यांत आहेत त्यास संकल्प म्हणावें. अशा संकल्पाचीं तीन उदाहरणें आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचीं आहेत. पहिलें बोस्टन शहरांतील छापखान्याच्या एका उमेदवाराचें, दुसरें इंग्लंडच्या टपालखात्यांतील एका अधिकाऱ्याचें आणि तिसरें आपल्या पुण्यांतील एका शाळामास्तराचें. तिघांपैकीं एकासही फुरसत नव्हती, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

बेंजामिन फ्रँक्लिन याचा जन्म १७०६ सालीं बोस्टन येथें झाला. बाप साबण व मेणबत्त्या करणारा. घरांत मुलें पुष्कळ. शाळेचें शिक्षण दोन वर्षांत आटोपलें आणि बाराव्या वर्षीं त्यास वडील भाऊ जेम्स याच्या छापखान्यांत उमेदवारीस लाविलें. एका मित्राशीं त्याचा स्त्रीशिक्षणाच्या प्रश्नावर पत्रव्यवहारानें वाद चालला होता. तीं पत्रें बापाच्या हातीं पडलीं. वादांत खरें कोणाचें याविषयीं बाप कांहींच बोलला नाहीं. त्यानें एवढेंच दाखवून दिलें कीं, शुद्धलेखन व विरामचिन्हें यांत तूं मित्राहून सरस आहेस, कारण तूं छापखान्यांत काम करतोस. परंतु भाषेचा डौल, मुद्द्यांची मांडणी आणि अर्थाची स्पष्टता या तिन्ही बाबतींत तूं उणा पडतोस. असें सांगून त्यानें पत्रांतील जागा बोटानें दाखविल्या.

या प्रसंगाचें महत्त्व सहज ध्यानांत येत नाहीं. 'तुझें लिहिणें बरें नाहीं' एवढेंच बाप म्हणता, तर मुलगा खट्टू होऊन बसला असता. दोषांस नांवें मिळालीं, म्हणून त्यांवर उपाय शोधतां आला. त्याच सुमारास ॲडिसन व स्टील यांच्या 'स्पेक्टेटर' पत्राचा एक सुटा भाग फ्रँक्लिनच्या हातीं आला. तें पत्र लंडनमध्यें १७११ सालीं सुरू झालें होतें, आणि त्यांतील निबंध सुबोध गद्याचा नमुना म्हणून नांवाजले जात. फ्रँक्लिननें एकेक निबंध घ्यावा, प्रत्येक वाक्याचा आशय दोनचार शब्दांत टिपून ठेवावा, आणि कांहीं दिवस ते कागद बाजूस ठेवून द्यावे. मग मूळ पुस्तक न पाहतां त्या टिपणांवरून सबंध निबंध स्वतःच्या शब्दांत लिहावा, मुळाशीं ताडून पाहावा आणि चुका दुरुस्त कराव्या.

असें करतांना त्यास आढळलें कीं, आपल्यापाशीं शब्दांचा सांठा अपुरा आहे. तेव्हां त्यानें कांहीं गोष्टी पद्यांत रचल्या. वृत्ताच्या मापांत बसेल आणि यमकास जुळेल असा शब्द शोधतांना एकाच अर्थाचे अनेक शब्द धुंडाळावे लागतात. एखादें साधें वाक्य ओवींत बसवूं पाहणारास याचा अनुभव तत्काळ येईल. मूळ गद्य विस्मरणांत गेलें म्हणजे तीं पद्यें तो पुन्हां गद्यांत उतरवी. मांडणीचा दोष घालविण्यासाठीं टिपणांचे कागद तो मुद्दाम उलटसुलट करून ठेवी आणि कांहीं आठवड्यांनीं त्यांचा योग्य क्रम स्वतः लावून पाही. हें सर्व रात्रीं काम संपल्यावर, सकाळीं काम सुरू होण्यापूर्वीं, किंवा रविवारीं प्रार्थनेस जाण्याचें टाळून चाले. क्वचित् एखाद्या बारीक जागीं आपण मुळावरही ताण केली असें त्यास वाटे, आणि तेवढ्यानें त्याची उमेद टिके.

१७२२ सालीं, सोळाव्या वर्षीं, त्यानें सायलेन्स डूगुड या कल्पित विधवेच्या नांवानें एक पत्र लिहिलें आणि रात्रीं छापखान्याच्या दाराखालून आंत सरकविलें. भावाच्या मित्रमंडळीनें तें वाखाणलें आणि लेखक कोण असावा याचे तर्क करतांना गांवांतील विद्वानांचींच नांवें घेतलीं. अशीं १४ पत्रें त्या वर्षीं भावाच्या वृत्तपत्रांत छापलीं गेलीं. फ्रँक्लिनच्या संकल्पांत कीर्तीचा उल्लेख कोठेंही नव्हता. तीन दोष घालवावयाचे एवढाच तो संकल्प होता, आणि पुढ्यांतील छापील पान हें त्याचें माप होतें.

दुसरें उदाहरण अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचें. तो १८३४ सालीं टपालखात्यांत कारकून म्हणून लागला आणि १८६७ पर्यंत त्याच खात्यांत राहिला. रस्त्यावर उभ्या असणाऱ्या पत्रपेट्या ब्रिटिश टपालव्यवस्थेंत आणण्याचें श्रेय त्यास दिलें जातें. त्याच्या पहिल्या तीन कादंबऱ्या १८४७ ते १८५० या काळांत निघाल्या आणि तीनही फसल्या. तरी त्यानें लिहिणें सोडलें नाहीं, आणि नोकरीही सोडली नाहीं. खात्याच्या कामासाठीं आगगाडीचा प्रवास करावा लागे. तेव्हां गुडघ्यावर फळी घेऊन तो डब्यांतच पेन्सिलीनें लिही, आणि पुढें त्याची पत्नी त्याची नक्कल करी.

त्याचा नित्यक्रम त्यानें आपल्या आत्मचरित्रांत हिशेबासह दिला आहे. पहांटे साडेपांचास टेबलाशीं बसावयाचें. वेळेवर उठवून कॉफी आणून द्यावी म्हणून एका वृद्ध मोतद्दारास तो वर्षाला पांच पौंड ज्यादा देई. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीं लिहिलेलें वाचण्यांत जाई. वाक्यांचा नाद कानास कसा लागतो हें तो त्या वेळीं पारखी. मग घड्याळ पुढें ठेवून दर पाव तासास अडीचशें शब्द लिहावयाचे. प्रत्येक नव्या पुस्तकासाठीं तो एक रोजनिशी आंखी आणि दररोज किती पानें झालीं याची नोंद तींत करी. आठवड्याचें प्रमाण सरासरी ४० पानांचें, आणि पान अडीचशें शब्दांचें. एक दिवस आळसांत गेला कीं रिकामी जागा डोळ्यांपुढें उभी राही आणि त्यास लाज वाटे. अशा रीतीनें त्यानें ४७ कादंबऱ्या लिहिल्या. चांभार जसा कामावर बसतो तसें लेखकानें बसावें, हें त्याचें मत होतें. १८८२ सालीं तो वारला आणि पुढील वर्षीं आत्मचरित्र प्रसिद्ध झालें, तेव्हां ही दुकानदारी हिशेबाची वृत्ति पुष्कळ रसिकांस रुचली नाहीं.

रसिकांच्या नाखुषींत थोडें तथ्य आहे. पानांची मोजणी केल्यानें लेखन होतें. तें चांगलें होईलच अशी हमी ती देत नाहीं. याच्या उलट उदाहरण गिबन या इतिहासकाराचें आहे. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहितांना योग्य सूर सांपडेपर्यंत त्यानें पहिलें प्रकरण तीन वेळां आणि दुसरें व तिसरें प्रकरण दोन दोन वेळां लिहिलें. ट्रॉलपच्या रोजनिशींत अशा दिवसांची नोंद शून्य म्हणून झाली असती. पण ट्रॉलपचा तो पहिला अर्धा तास आपण विसरतां कामा नये. नवें लिहिण्यापूर्वीं कालचें कानानें तपासणें, हा त्याच्या मोजणीचाच एक भाग होता. जो तेवढा अर्धा तास गाळून केवळ पानें मोजील, त्याचे दोष पानांबरोबर वाढत जातील.

आतां तिसरें उदाहरण. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा जन्म १८५० सालीं पुण्यास झाला. महाविद्यालयांत असतांनाच वडील कृष्णशास्त्री यांच्याबरोबर ते 'शाळापत्रक' या मासिकाचें काम पाहूं लागले. कालिदास, भवभूति, बाण, सुबंधु आणि दंडी या संस्कृत कवींवरील त्यांचे निबंध तेथेंच प्रथम आले. डॉ. जॉन्सन या इंग्रज ग्रंथकाराच्या 'रासेलस' या कथेचें भाषांतर कृष्णशास्त्र्यांनीं आरंभिलें होतें. तें विष्णुशास्त्र्यांनीं पुरें केलें. दुसऱ्याचा आशय घेऊन तो आपल्या वाक्यांत उभा करावयाचा आणि मुळाशीं ताडून पाहावयाचा, हा फ्रँक्लिनचाच अभ्यास नव्हे काय? फरक इतकाच कीं, येथें दोन भाषांमधील अंतर पार करावयाचें होतें. जॉन्सन स्वतःही अशाच शिस्तींत तयार झालेला होता. 'रँब्लर' हें आपलें पत्र त्यानें १७५० ते १७५२ या दोन वर्षांत आठवड्यास दोन वेळां, जवळजवळ एकहातीं लिहून २०८ अंकांपर्यंत चालविलें, आणि पुस्तकरूपानें काढतांना त्यांतील निबंधांवर पुन्हां परिश्रम घेतले. असा ग्रंथकार विष्णुशास्त्र्यांस प्रिय वाटावा यांत नवल नाहीं.

१८७४ च्या जानेवारींत विष्णुशास्त्र्यांनीं 'निबंधमाला' हें मासिक पुस्तक सुरू केलें, तेव्हां ते सरकारी शाळेंत शिक्षक होते. पहिलाच निबंध मराठी भाषेच्या सद्यःस्थितीवर होता. इंग्रजी शिकलेला वर्ग मराठींत गंभीर विषय लिहिण्यास धजत नाहीं, ही त्यांची तक्रार होती. आणि त्या भाषेंत वाटेल तो विषय जोमानें मांडतां येतो हें स्वतः लिहून सिद्ध करावयाचें, हा त्यांचा संकल्प होता. इतिहास, भाषांतर, वाचन, वक्तृत्व, विद्वत्त्व आणि कवित्व असे नाना विषय त्यांनीं हाताळले. मालेचे ८४ अंक निघाले, आणि त्यांतील मजकूर जवळजवळ सर्वस्वीं त्यांचाच. मध्यंतरीं त्यांनीं सरकारी नोकरी सोडली, १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आणि पुढच्या वर्षीं टिळक-आगरकरांसह 'केसरी' पत्राच्या आरंभींही ते होते. १७ मार्च १८८२ रोजीं, वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यांचा अंत झाला. मराठी निबंधाचें लांब, ठाशीव, उपरोधानें धार लावलेलें वाक्य त्यांच्या हातून घडलें, आणि पुढील पिढीच्या वृत्तपत्री लेखनावर त्याची छाप राहिली.

फ्रँक्लिनपाशीं दोषांची यादी होती आणि ट्रॉलपपाशीं पानांची नोंद होती. विष्णुशास्त्र्यांनीं त्यांत प्रयोजनाची भर घातली. मासामागून मास लिहावयाचें तें कशासाठीं, याचें उत्तर त्यांच्यापाशीं तयार असे, आणि म्हणून थकवा आला तरी लेखणी थांबत नसे.

परंतु प्रयोजनाचीही परीक्षा व्हावी लागते. लोकहितवादी आणि जोतीराव फुले यांच्या लेखनावर विष्णुशास्त्र्यांनीं जी टीका केली ती आज वाचतांना शैलीचें बळ दिसतें आणि मन मात्र अस्वस्थ होतें. फुल्यांचें 'गुलामगिरी' हें पुस्तक १८७३ सालीं निघालें. ज्यांस शतकानुशतकें अक्षरापासून दूर ठेविलें त्यांच्या वतीनें, त्यांस समजेल अशा बोलींत तें लिहिलेलें होतें. विष्णुशास्त्र्यांनीं अशा लेखनास व्याकरणाची पट्टी लाविली आणि त्याची खिल्ली उडविली. त्यांतील दुःखाकडे त्यांची दृष्टि गेली नाहीं. ज्या मराठीचा अभिमान त्यांस होता, ती मराठी फुल्यांचीही होती. ज्यास मुळाशीं ताडून पाहण्याची इतकी संवय होती, त्यानें स्वतःचें मत मात्र दुसऱ्याच्या अनुभवाशीं ताडून पाहिलें नाहीं. लेखणीचें सामर्थ्य वाढतें तसें तिच्या हातून अन्याय होण्याचें भयही वाढतें, हें या थोर निबंधकाराच्या उदाहरणावरूनच शिकावें लागतें.

नव्या लेखकानें यांतून काय घ्यावें? प्रथम, आपल्या लेखनांतील एकच दोष नांवानिशीं ठरवावा. तो स्वतःस दिसत नसेल तर स्पष्ट बोलणाऱ्या माणसाकडून काढून घ्यावा. मात्र त्याच्याजवळ स्तुति मागूं नये, बोट ठेवण्यास सांगावें. दुसरें, आपणांस आवडणाऱ्या एखाद्या मराठी गद्यकाराचें पान घेऊन फ्रँक्लिनप्रमाणें टिपण करावें, आठ दिवसांनीं तें पुन्हां लिहावें आणि मुळाशीं ताडावें. तिसरें, एक वही आंखावी. पानांचा आंकडा लहान असला तरी चालेल, पण नोंद खरी असावी आणि कालचें वाचल्यावांचून आजचें लिहूं नये. चौथें, आपण कोणासाठीं लिहितों आणि कोणाचें म्हणणें आपल्या कानांवर येतच नाहीं, हे दोन प्रश्न त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे आणि दर महिन्यास त्यांचीं उत्तरें तपासावीं.

इतकें करूनही प्रत्येक जण फ्रँक्लिन किंवा चिपळूणकर होईल असें नाहीं. पण सहा महिन्यांनीं वही उघडली म्हणजे आपण कोठें होतों आणि कोठें आलों हें तींत दिसेल, आणि पुढील सहा महिन्यांचा संकल्प अंदाजानें करण्याची पाळी येणार नाहीं. खणांतील ती अर्धवट कादंबरी त्यानंतर बाहेर काढावी.