झिंगआकाडेमीचा कौल

योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये निवर्तला, आणि त्याच्या मोठ्या धर्मसंगीतकृती त्याच्यामागून हळूहळू लोकांच्या कानांआड गेल्या. अभ्यासक त्याचे नाव आदराने घेत. नाही असे नाही. परंतु लाइपझिगच्या सेंट टॉमस चर्चमध्ये गुड फ्रायडेला गायिलेली त्याची 'सेंट मॅथ्यू पॅशन' ही जवळजवळ तीन तासांची, दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद मागणारी रचना जाहीरपणे सादर करता येईल, असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. ती ११ मार्च १८२९ रोजी बर्लिनमध्ये पुन्हा उभी राहिली. तिचा संचालक होता वीस वर्षांचा फेलिक्स मेंडेल्सोन.

हा प्रसंग घडला तो चर्चमध्ये नव्हे, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. झिंगआकाडेमी ही कार्ल फ्रीडरिश क्रिस्तियान फाश याने १७९१ मध्ये स्थापन केलेली हौशी नागरिकांची गायनसंस्था. बाखच्या चर्चमध्ये वरच्या पट्टीतील स्वर मुलगे गात. स्त्रियांना तेथे स्थान नव्हते. झिंगआकाडेमीत सुशिक्षित घरांतील स्त्रिया आणि पुरुष एकत्र बसून जुने धर्मसंगीत गात. पौरोहित्य नाही, वेतन नाही, उपासनेचे बंधन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या रोमँटिक वृत्तीने धर्मसंगीत देवळातून सभागृहात आणले असे जे म्हणतात, त्याचा अर्थ अशा संस्थेकडे पाहिले म्हणजे नीट उमगतो. श्रोता तिकीट काढून येतो, परंतु बसतो मात्र भाविकासारखा. ही भाविकता ख्रिस्ताविषयीची किती आणि कलेविषयीची किती, याचा निवाडा त्या काळच्या लोकांनाही करता आला नसता.

संस्थेचा प्रमुख कार्ल फ्रीडरिश त्सेल्टर हा मूळचा गवंडी आणि पुढे गटेचा मित्र झालेला करारी गृहस्थ. बाखच्या रचनांचे तुकडे तो निवडक मंडळींकडून घोटून घेई; संपूर्ण कृती लोकांपुढे आणण्यास मात्र त्याचा विरोध होता. मेंडेल्सोन आणि त्याचा मित्र, नट-गायक एडुआर्ड डेव्ह्रियेंट, या दोघांनी त्याचे मन वळविले. डेव्ह्रियेंटने ख्रिस्ताची भूमिका गायिली. सुमारे दीडशे कंठांचा वृंद उभा राहिला. मेंडेल्सोनने बऱ्याच आरिया वगळल्या आणि प्रचारातून गेलेल्या जुन्या वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट घातले. आजचे कर्मठ संगीतज्ञ याला नाके मुरडतील. आमच्या मते, ही काटछाट केली नसती तर त्सेल्टरची शंका खरी ठरण्याचा संभव होता. राजा आणि तत्त्वज्ञ हेगेल श्रोत्यांत होते; अनेकांना दारावरून परत जावे लागले. २१ मार्चला, बाखच्या जन्मदिनी, दुसरा प्रयोग झाला. हा सोहळा मूळ प्रयोगाच्या शताब्दीचा म्हणून गणला गेला. पुढील संशोधनाने ते वर्ष १७२७ असल्याचे दाखविले आहे.

ज्या हस्तलिखित प्रतीवरून ही कृती उभी राहिली, ती मेंडेल्सोनला त्याची आजी बेला सालोमोन हिने दिली होती. हे घराणे ज्यू. आजीची बहीण सारा लेव्ही ही बाखच्या ज्येष्ठ पुत्राची शिष्या, आणि तिने जुनी हस्तलिखिते झिंगआकाडेमीला दिली होती. मेंडेल्सोनचे आजोबा मोझेस मेंडेल्सोन हे ज्यू तत्त्वज्ञ; नातवाला १८१६ मध्ये बाप्तिस्मा मिळाला. म्हणजे लुथरपंथीयांचे हे सर्वोच्च भक्तिसंगीत जतन करण्यात एका ज्यू घराने मोठा हातभार लावला होता.

त्सेल्टर १८३२ मध्ये वारला. त्याच्या जागेसाठी जानेवारी १८३३ मध्ये सभासदांनी मते दिली. मेंडेल्सोनला ८८, आणि त्सेल्टरचा दीर्घकाळचा सहायक रुंगेनहागेन याला १४८. यात ज्यूद्वेष किती होता याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. संस्थेतील वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या सेवेचे फळ द्यावे, ही वृत्ती कोणत्याही कचेरीत दिसते आणि ती नेहमीच दुष्ट असते असे नाही. तरीही ज्याने संस्थेला तिचा सर्वांत मोठा दिवस दाखविला त्याला तिने नाकारले, हे उरतेच. मेंडेल्सोन कुटुंबाने सभासदत्व सोडले.

त्याचे पुढील कार्य अन्यत्र घडले. १८३५ पासून लाइपझिगचा गेवांडहाउस वाद्यवृंद त्याच्याकडे आला. 'सेंट पॉल' १८३६ मध्ये ड्युसेलडॉर्फला, तर 'एलायजा' १८४६ मध्ये बर्मिंगहॅमला प्रथम गायिले गेले. दोन्ही कृतींतील सामूहिक गायनावर बाखची छाया स्पष्ट आहे. १८४७ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, तो गेला. १८५० मध्ये रिचर्ड वागनरने संगीतातील ज्यूंवर निबंध लिहून त्याच्या कीर्तीवर घाव घातला. गेवांडहाउससमोरचा त्याचा पुतळा नाझींनी १९३६ मध्ये हटविला. त्या पुतळ्याची प्रतिकृती २००८ मध्ये उभारण्यात आली. ती गेवांडहाउससमोर नाही, सेंट टॉमस चर्चच्या समोर आहे.