गाडीची टायमिंग चेन कशी तपासायची? इंजिन उघडण्याआधी हे नक्की बघा

सकाळी गाडी सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद इंजिनातून खळखळ आवाज येतो आणि मग थांबतो. 'डिझेल गाडी आहे, आवाज करणारच' असं म्हणून आपण सोडून देतो. पण हा आवाज सैल झालेल्या टायमिंग चेनचा असू शकतो.

टायमिंग चेन काय करते?

क्रँकशाफ्ट पिस्टनला जोडलेला असतो आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. या दोघांना टायमिंग चेन जोडते. क्रँकशाफ्टचे २ फेरे झाले की कॅमशाफ्टचा १ फेरा होतो. चेन तुटली किंवा दात सोडून सरकली, तर बऱ्याच इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. मग हजारोंचं काम थेट इंजिनाच्या दुरुस्तीवर जातं.

जुन्या मारुती ८०० मध्ये टायमिंग बेल्ट होता, तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागायचा. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो या गाड्यांत आलेल्या फियाटच्या १२४८ सीसी डिझेल इंजिनात चेन आहे. चेनला बहुतेक कंपन्या बदलण्याची मुदत देत नाहीत, म्हणून ती 'लाइफटाइम' टिकते असा समज झाला आहे.

चेन सैल का होते?

चेनच्या प्रत्येक कडीतली पिन थोडी थोडी झिजते आणि पूर्ण चेनची लांबी वाढते. तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक गाड्यांत इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत हा दाब उतरतो. सकाळी तो पुन्हा तयार होईपर्यंत सैल चेन आपटते, तीच ती खळखळ. ऑइल कमी असेल किंवा वेळेवर बदललं नसेल, तर झीज वाढते.

काहीही न उघडता काय तपासाल?

१. ऑइलची पातळी बघा. आवाजाचं कारण कधी कधी एवढंच असतं.
२. इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून दुसऱ्याला गाडी सुरू करायला सांगा आणि ऐका. जुनी गाडी घ्यायला गेलात तर आधी बॉनेटला हात लावा. ते गरम असेल, तर हा आवाज तुम्हाला ऐकूच येणार नाही.
३. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून घ्या. पी००१६ हा कोड क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नसल्याचं सांगतो. पण सेन्सर बिघडला तरी तो येतो, त्यामुळे फक्त कोडवरून चेन बदलू नका.
४. ऑइल बदलताना त्यात धातूचा चुरा किंवा प्लॅस्टिकचे तुकडे दिसतात का बघा. हे तुकडे चेनच्या गाइडचे असू शकतात.

गॅरेजमध्ये चेनपर्यंत कसं पोहोचतात?

आधी वरचं व्हॉल्व्ह कव्हर काढतात. बऱ्याच इंजिनांत एवढ्यावरच चेनचा वरचा भाग दिसतो आणि ढिलेपणा कळतो. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, फक्त चालतं त्याच दिशेने फिरवतात आणि टायमिंगच्या खुणा जुळतात का बघतात.

चेन बदलायची ठरलीच, तर बॅटरीची वायर काढून, ऑइल रिकामं करून बाहेरचा बेल्ट आणि क्रँक पुली काढतात. अनेक गाड्यांत इंजिनाला खालून आधार देऊन एक माउंटिंगही सोडवावं लागतं. त्यानंतर पुढचं कव्हर निघतं. टेन्शनर काढण्याआधी दोन्ही शाफ्ट लॉक करणं गरजेचं असतं, नाहीतर टायमिंग हलतं.

मेकॅनिकला दोन गोष्टी जरूर विचारा. चेनसोबत टेन्शनर आणि गाइडही बदलणार का? आणि स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने २ पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासणार का? फिरवताना कुठे अडलं, तर चूक तिथेच सापडते आणि व्हॉल्व्ह वाचतात.

आवाज वाढत असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेण्यापेक्षा टो करून न्या. टोइंगचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा खूपच कमी असतो.